नाव पनामाचं, वीण इक्वाडोरची

आयात मालाची कागदपत्रं करणं हे माझं काम. मालाचं वर्णन, एचएस कोड (मालाचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक), मूळ देश, किंमत, यातला एक रकाना दुसऱ्याशी जुळला नाही की माल अडकतो. त्या दिवशी अडकल्या टोप्या. इनव्हॉइसवर ‘पनामा हॅट’, मूळ देश इक्वाडोर. सीमाशुल्क खात्याची क्वेरी पडली: वर्णन आणि मूळ देश जुळत नाहीत, खुलासा करावा. शिवाय टोपी कापडी की विणलेली, हेही स्पष्ट करावं.

दोन्ही शंका रास्त होत्या. नोंदीशी न जुळणारा माल सीमाशुल्क कायद्याच्या कलम 111(एम) खाली जप्त होऊ शकतो. आयातदार फोनवर हवालदिल. “ताई, मूळ देशही पनामाच लिहून टाका ना, नाव तर तेच आहे.”

“दादा, उत्पत्तीच्या दाखल्यावर इक्वाडोर आहे आणि तेच खरं आहे. देश कशाला बदलायचा? खुलासा देऊ.”

खुलासा लिहायला बसले. इक्वाडोरच्या किनाऱ्याकडच्या मनाबी प्रांतात मोंतेक्रिस्ती आणि हिपिहापा ही गावं आहेत. तिथे तोकिया नावाच्या झाडाची पानं चिरून, उकळून, वाळवून त्यांच्या तंतूंची ही टोपी विणतात. डोंगराळ भागातल्या क्वेंकातही हे काम मोठं. एकोणिसाव्या शतकात हा माल पनामाच्या वाटेने जगात जायचा. 1849 च्या सुमारास सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियाला निघालेले लोक तिथेच या टोप्या विकत घेत. जिथे विकली गेली तिथलं नाव चिकटलं. पुढे 1906 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पनामा कालव्याचं खोदकाम पाहायला गेले. तिथल्या त्यांच्या या टोपीतल्या छायाचित्रांनी नाव आणखी पक्कं केलं. कालवा खुला झाला 1914 मध्ये, टोपीचं नाव त्याच्या कितीतरी आधीचं.

कापडाची शंका का आली, तेही मला कळत होतं. धोबीतलावच्या खेळाच्या दुकानात पनामा मागा, क्रिकेटची पांढरी सुती टोपी पुढे येते. रशियातही उन्हातल्या कुठल्याही मऊ कापडी टोपीला पनामाच म्हणतात. फ्रान्समध्ये तर 1892 च्या कालवा घोटाळ्यानंतर हा शब्द लाचखोरीलाच चिकटला होता. पण कापडाची टोपी एचएस कोड 6505 खाली जाते, तंतूंची अशी विणलेली 6504 खाली. नुसत्या नावावरून कोड ठरवता येत नाही, माल बघावाच लागतो.

तपासणीला खोका उघडला. अधिकारी मॅडमनी एक टोपी उचलून शेडच्या दाराशी उजेडात धरली. शेंड्याच्या मधोमध नाजूक विणीचं फूल आणि त्याभोवती, झाडाच्या खोडात असतात तशी, एकाबाहेर एक वलयं. घेर वाढवायला विणकर नवे तंतू घालतो, तिथे ती उमटतात. मॅडमनी काठावरून बोट फिरवलं.

“शिवण कुठेच नाही?”

“नाही मॅडम. शेंड्यापासून काठापर्यंत हातवीण.”

त्यांनी ती बराच वेळ खाली ठेवली नाही.

या विणकामाला युनेस्कोने 2012 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पोत जितका तलम तितका वेळ जास्त. साधी टोपी एका दिवसात होते, अतितलम टोपीला आठ महिनेही लागतात. एवढं काम करणाऱ्याच्या गावाचं नाव मागे राहावं आणि वाटेतल्या बाजाराचं जगभर व्हावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खुलासा मान्य झाला, 6504 कायम राहिला, माल सुटला. आता प्रश्न लेबलचा. आयात मालाच्या पाकिटावर मूळ देश छापावाच लागतो. आयातदारांचं म्हणणं, गिऱ्हाईक पनामाच ओळखतं. तेही खरंय. म्हणून मी सुचवलं, पनामा राहू द्या, पण त्याखाली तेवढ्याच ठळक टाइपात ‘इक्वाडोरमध्ये हाताने विणलेली’ छापा. पुढच्या खेपेच्या लेबलचा नमुना त्यांनी पाठवलाय. ती ओळ त्यात आलीय. गावाचं नाव मात्र अजून नाही, ते विक्रेत्याकडून विचारून घ्या म्हणून मी त्यांना कळवलंय.