सोळा घरांचा ठेका

मंगळवार, रात्री

मी ड्रम वाजवत नाही. हार्मोनियमवर चाली बांधते आणि तबल्याचे काही ठेके ऐकून पाठ आहेत, एवढीच माझी तालाची शिदोरी. तरीही नव्या गाण्याचा ठेका मीच रचावा असे मनाने घेतले, कारण शब्द कुठे थांबतात हे चाल बांधणाऱ्यालाच सर्वांत आधी कळते.

संगणकावर एका आवर्तनाची १६ घरे दिसतात. एका ठोक्याला चार घरे आणि मिनिटाला ८० ठोक्यांची लय धरली, की ती बरोबर ३ सेकंदांत संपतात. रॉकचा सरळ ठेका म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा किक पहिल्या आणि नवव्या घरात, स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम पाचव्या आणि तेराव्या घरात, आणि वर एकाआड एक घरात हाय-हॅट ही झांजांची जोडी. तीनतालाच्या टाळ्याही पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवरच पडतात आणि नववी मात्रा खालीची, म्हणजे टाळी न देता मोजायची, असते. दोन्हींची परंपरा वेगळी, त्यामुळे यातून नाते जोडण्याचा माझा विचार नाही. पण मला विचार करायला ओळखीची जमीन मिळाली. तीनतालाच्या नेहमीच्या ठेक्यात दहाव्या मात्रेपासून 'तिं तिं ता ता' येते, डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला घुमणारा भाग, गप्प होतो आणि चौदाव्या मात्रेच्या 'धिं'ला त्याचा घुमार परततो. तो परतण्याचा क्षण मला फार प्रिय आहे, आणि तोच मला या गाण्यात हवा होता. म्हणून नवव्या घरानंतर किक काढून टाकला आणि थेट चौदाव्या घरात ठेवला.

ठेका रचला, तरी तो वाजवणाऱ्याला सांगायचा कसा, हे अधिक अवघड निघाले. संध्याकाळी भाचा आला. तो ड्रम शिकतो. मी घरांचे आकडे वाचू लागले, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, आकडे नको, तोंडाने म्हणून दाखव." मग हाताने टाळी देत म्हटले ('धूम' म्हणजे किक, 'टाक' म्हणजे स्नेअर, 'चिक' म्हणजे मिटलेला हाय-हॅट आणि ऽ म्हणजे रिकामे घर):

धूम ऽ चिक ऽ | टाक ऽ धूम ऽ | धूम ऽ चिक ऽ | टाक धूम छीस ऽ

दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत त्याचा उजवा पाय फरशीवर किक देऊ लागला होता. ड्रमवाले प्रत्येक ठोक्याचे चार भाग 'वन ई अँड अ' असे मोजतात, त्यामुळे त्याने वहीत 'फोरच्या ई-वर किक', म्हणजे चौथ्या ठोक्याच्या दुसऱ्या भागावर, एवढेच टिपले. 'छीस' म्हणजे उघडा हाय-हॅट. तो डाव्या पायाने समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या घरावर, मिटायचा, हेही त्याने न सांगता ओळखले. बोल म्हणून दाखवले, की मात्रा, वजन आणि मधली रिकामी जागा एकदमच पोहोचतात. गणपती जवळ आल्याने नदीपात्रातून पथकांच्या सरावाचा आवाज घरापर्यंत येतो. त्यातही ढोलाचा दणका भारदस्त वाटतो तो दोन दणक्यांमध्ये सोडलेल्या जागेमुळे, असे माझे ठाम मत आहे.

भाच्याची एक सूचना मात्र मोलाची होती. चौदाव्या घरातला किक समेइतकाच जोरात वाजला, तर कान त्यालाच सम समजू लागतो. संगणकात ठोक्याचा जोर १२७ पर्यंत वाढवता येतो. सम ११० वर आणि तो किक ७५ वर आणला, तेव्हा आवर्तन समेकडे ओढले जाऊ लागले. मुखड्याचा ठेका आता ठरला आहे. अंतऱ्यात शब्द दाट आहेत, तिथे सातव्या घरातला किकही काढून पाहायचा आहे.