मधली नको, पहिली धार

पेठ तालुक्यातल्या शिबिरातून नाशिकला आमच्या प्रयोगशाळेत बायकांच्या लघवीचे नमुने आले होते, एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू शोधायला. ती बॅच डीएनएच्या प्रती फेरीफेरीने वाढवणाऱ्या पीसीआर यंत्रातून बाहेर पडली, तेव्हा एक सोडून सगळे नमुने निगेटिव्ह होते. सॉफ्टवेअरची काही तक्रार नव्हती, रिपोर्ट छापायला तयार. खटकलं ते बीटा-ग्लोबिन.

हा माणसाचा स्वतःचा जनुक. नमुन्यात मानवी पेशी पुरेशा आल्यात का, ते त्यावरून कळतं. पहिल्या धारेच्या चांगल्या लघवीत आमच्याकडे त्याचा सीटी, म्हणजे तो कितव्या फेरीला दिसू लागतो तो आकडा, २७ च्या आसपास येतो. इथे ३४, ३५. दर फेरीला डीएनए दुप्पट होतो असं धरलं, तर सात फेऱ्यांचा उशीर म्हणजे माल जवळपास सव्वाशे पटींनी कमी. किटची मर्यादा ४० ची, म्हणून यंत्राने चालवून घेतलं.

लघवीतला युरिया किंवा पाळीच्या रक्तातलं हिमोग्लोबिन पीसीआर अडवू शकतं. पण तसं असतं तर डीएनए काढताना आपण पडताळणीसाठी वरून घातलेला डीएनए, म्हणजे कंट्रोलही मागे पडला असता. तो वेळेवर होता. अडथळा नव्हता, मालच नव्हता. डब्या पुन्हा काढून बघितल्या तर काठोकाठ भरलेल्या. शिबिरात फोन लावला.

"मी सगळ्यांना नीट सांगितलं होतं मॅडम," सिस्टर म्हणाल्या, "आधी स्वच्छ धुवा, सुरुवातीची जाऊ द्या, मधली धरा."

लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीसाठी, म्हणजे कल्चरसाठी हेच शिकवतात आणि तिथे ते बरोबरच आहे. या तपासणीसाठी वेगळ्या सूचनांचा कागद शिबिरात कुणी पोचवलाच नव्हता.

एचपीव्हीच्या तपासणीत लघवी ही फक्त वाहक. गर्भाशयमुखावरून सुटलेल्या पेशी आणि स्राव योनीतून खाली येतात, मूत्रमार्गाच्या तोंडाभोवती साचतात आणि पहिली धार ते धुऊन आणते. आधी पाण्याने धुतलं की माल मोरीत. मधली धरली की मूत्राशयातलं जवळजवळ कोरं पाणी डबीत. म्हणून पहिले २० मिलिलिटरच हवेत. बेल्जियममध्ये तयार झालेलं कोली-पी नावाचं उपकरण तेवढेच अडवतं आणि पुढची लघवी बाहेर सोडतं. ते नसेल तर २० मिलिलिटरवर ठळक खूण केलेली डबी, त्याआधी निदान तासभर लघवीला गेलेलं नसणं, आणि आधी धुणं-पुसणं बंद. नमुना मिळताच ईडीटीए असलेलं द्रावण मिसळायचं. लघवीत डीएनए तोडणारी विकरं असतात, त्यांना मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए तेच बांधून ठेवतं. घाटातून उन्हात येणाऱ्या डब्यांना याशिवाय गत्यंतर नाही.

उलटा धोकाही आहे. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर पू-पेशींमुळे बीटा-ग्लोबिन झकास दिसतं, गर्भाशयमुखाची एक पेशी नसली तरी. बीटा-ग्लोबिनचा कंट्रोल वाईट नमुना पकडतो, चांगल्याची हमी देत नाही.

सगळं नीट केलं तरी लघवी थोडी मागेच राहते. २०१४ च्या एका संकलित विश्लेषणात, गर्भाशयमुखाच्या नमुन्याशी ताडून पाहता, धोकादायक प्रकारच्या एचपीव्हीसाठी तिची संवेदनशीलता (विषाणू असलेल्यांना पकडणं) ७७ टक्के आणि विशिष्टता (नसलेल्यांना निगेटिव्ह सांगणं) ८८ टक्के आली. पहिली धार इतर लघवीपेक्षा सरस ठरली. धाराशिव जिल्ह्यातल्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले, पण तिथे नमुना थेट गर्भाशयमुखावरून घेतलेला होता. तो आकडा लघवीच्या खात्यावर मांडू नये. ज्या बाया स्पेक्युलमचं, म्हणजे आतून तपासायच्या चिमट्यासारख्या उपकरणाचं, नाव काढताच उठून जातात, त्यांच्यासाठी मात्र लघवीची डबी ही खरी सोय आहे.

बॅचचे निगेटिव्ह रिपोर्ट थांबवले. त्यावर 'अमान्य, नमुना पुन्हा घ्यावा' असं छापलं. निगेटिव्ह हातात पडलेली बाई पुढची पाच वर्षं फिरकत नाही. एक नमुना एचपीव्ही १६ या धोकादायक प्रकारासाठी पॉझिटिव्ह होता. इतक्या पातळ मालातही विषाणू सापडला, म्हणून तो ग्राह्य धरला आणि सिस्टरना त्याच फोनवर सांगितलं, की या बाईंची लघवी परत घेऊ नका. पेशी बिघडल्यात का, हे लघवी सांगत नाही. त्यांना थेट व्हीआयएला, म्हणजे गर्भाशयमुख डोळ्यांनी तपासायला पाठवा: त्यावर ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावून, एक मिनिट थांबून पांढरा डाग पाहायचा, आणि शंका आली तर कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून बारकाईने तपासणी.