तेरा जणांच्या यादीत आवाज नाही

बँकेतल्या मुलाने माझं स्टेटमेंट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "सर, इन्कम टॅक्स रिटर्न?"

"भरत नाही. सगळे टीडीएस कापूनच पैसे देतात. टॅक्स जातोच की."

तो कसनुसा हसला. "ते ठीक आहे सर, पण दोन-तीन वर्षांचे आयटीआर लागतात. त्याशिवाय फाइल वर जाणारच नाही."

नोव्हेंबर २०२३ ची गोष्ट. मी लोकेशन साउंड करतो. सेटवर हेडफोन लावून कोपऱ्यात बसलेला आणि भर उन्हाळ्यात "पंखा बंद करा" म्हणून सगळ्यांचे शिव्याशाप खाणारा जो असतो, तो मी. सहा वर्षं एका स्टुडिओत पगारावर होतो, २०२१ मध्ये बाहेर पडलो. नवीन रेकॉर्डर आणि वायरलेस लॅपल माइकचे दोन सेट घ्यायचे होते, २ लाख ४० हजारांचं प्रकरण. कर्ज मिळालं नाही. शेवटी मेहुण्याने दिले, आणि दिवाळीच्या फराळाला सगळे जमलेले असताना दिले, त्यामुळे व्याज तिथेच वसूल झालं.

त्या मुलाने निघताना सांगितलं होतं, "मागच्या वर्षीचं अजून ३१ डिसेंबरपर्यंत भरता येईल सर, लेट फी लागेल फक्त." मी मान डोलावली. दुसऱ्याच आठवड्यात वाईला शेड्यूल लागलं, ते लांबत गेलं, आणि ३१ डिसेंबरला मी मेणवलीच्या घाटावर एका लॅपलमधली खरखर शोधत बसलो होतो.

जून २०२४ मध्ये बायकोने तिच्या ऑफिसातल्या ओळखीने मला सदाशिव पेठेतल्या एका सीए मॅडमसमोर नेऊन बसवलं. त्यांनी आधी पोर्टलवर लॉगिन करायला लावलं आणि माझे जुने २६एएस काढले. ती फाइल उघडायला जन्मतारीख टाकावी लागते, एवढंही मला माहीत नव्हतं. आत माझ्या पॅनवर कोणी, कधी, किती कापलं ते तारीखवार. २०२१-२२ मध्ये २२ हजार. २०२२-२३ मध्ये २९ हजार.

"या दोन्ही वर्षी तुमचं उत्पन्न खर्च वजा जाता पाच लाखांच्या आत दिसतंय. म्हणजे टॅक्स शून्य. हे सगळे परत मिळाले असते."

"मग आता भरू या की."

"मुदत गेली. अपडेटेड रिटर्न म्हणून एक प्रकार आहे, पण तो सरकारला देणं निघत असेल तर. घेणं असेल तर तो भरता येत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "विलंब माफीचा अर्ज करता येतो. उशिराचं सबळ कारण लिहावं लागतं. आहे काही?"

मेणवलीची खरखर हे काही सबळ कारण नव्हे. शिवाय वर्षात २५ हजारांवर टीडीएस कापला गेला असेल तर रिटर्न भरणं बंधनकारकच असतं, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं. म्हणजे पैसे गेले ते गेले, वर चूकही माझीच. तीन वर्षं मी ते दहा टक्के गेलेलेच धरून चाललो होतो, एखाद्या एजंटचं कमिशन जावं तसे. टीडीएस म्हणजे टॅक्स नव्हे, टॅक्सचा अॅडव्हान्स आहे, आणि हिशेब मागितल्याशिवाय तो परत येत नाही, हे मला ५१ हजारांना शिकायला मिळालं.

मग २०२३-२४ कडे वळलो. मॅडमनी विचारलं, "तुम्ही नक्की काय करता?"

मला वाटलं चौकशी करतायत, म्हणून मी बूम म्हणजे लांब दांडीवरचा माइक, लॅपल, रूम टोन वगैरे सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. "तसं नाही. कायद्याने तुम्ही कोण आहात ते बघायचंय."

तेव्हाच्या इन्कम टॅक्स कायद्यात कलम ४४एडीए नावाची सोय होती. ठरावीक व्यवसायांतल्या माणसाने मिळालेल्या रकमेची निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, खर्चाच्या वह्या ठेवायच्या नाहीत, आयटीआर-४ भरायचा आणि घरी जायचं. मर्यादा ५० लाख. रोखीने आलेले पैसे पाच टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाख. त्या व्यवसायांत 'फिल्म आर्टिस्ट' आहे. मी म्हटलं, झालं काम. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. फिल्म आर्टिस्ट म्हणजे कोण, याची १९७७ ची व्याख्या. तेरा नावं: अभिनेता, कॅमेरामन, दिग्दर्शक, संगीत दिग्दर्शक, कला दिग्दर्शक, नृत्य दिग्दर्शक, संकलक, गायक, गीतकार, कथालेखक, पटकथालेखक, संवादलेखक, ड्रेस डिझायनर. चारही तऱ्हेच्या दिग्दर्शकांचे असिस्टंट आत. कॅमेरामनचा असिस्टंट बाहेर. मेकअप बाहेर, लाइट बाहेर.

साउंड नाही.

मी यादी दोनदा वाचली. मराठी बोलपट आला १९३२ साली, आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी केलेल्या यादीत संवाद लिहिणारा आहे, तो रेकॉर्ड करणारा नाही. मॅडमना हसू आवरेना. "अहो, मी नाही केली यादी." काही लोक टेक्निकल कन्सल्टन्सी म्हणून याच कलमात बसवून घेतात, असं त्या म्हणाल्या, "पण उद्या कोणी विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यायचंय. मी तरी सरळ आयटीआर-३ भरीन. खरी जमा, खरा खर्च." आयटीआर-३ म्हणजे मारुतीचं शेपूट, हे मला नंतर कळलं.

लॉ कॉलेज रोडवर जिथे आज एफटीआयआय आहे, तिथे प्रभात फिल्म कंपनीच्या काळात माणसं महिन्याच्या पगारावर असत. त्याच आवारात मुलांच्या डिप्लोमा फिल्म्सना जाताना मला आता तेच आठवतं. आपलं सगळं बिलावर.

पहिलं काम जुळणीचं. एका बाजूला माझी शूटिंगची डायरी आणि बिलं, दुसऱ्या बाजूला २६एएस आणि एआयएस, म्हणजे टॅक्स खात्याकडची माझ्या वर्षभराच्या व्यवहारांची नोंद. सोपं वाटतं, पण बॅनरचं नाव एक आणि टीडीएस कापणारी कंपनी भलतीच. २६एएसमध्ये एका प्रायव्हेट लिमिटेडचं नाव होतं जे मी जन्मात ऐकलं नव्हतं. तारखा लावल्यावर कळलं की हा आमचा लाइन प्रोड्युसर. आणि कलमं बघा. मी तोच, बूमही तोच. जाहिरातवाल्यांनी १९४जे खाली दहा टक्के कापले, सिरियलवाल्यांनी १९४सी खाली एक टक्का, कंपन्यांच्या माहितीपटवाल्याने तांत्रिक सेवा म्हणून दोन टक्के. एकाने बिलाच्या वेळी "जीएसटी नंबर टाका" म्हणून आठवडाभर अडवलं होतं. माझी जमा २० लाखांच्या जवळपासही नाही, त्यामुळे तो नंबर मला लागतच नाही, हे सांगायला तेव्हा तोंड नव्हतं.

बेरीज झाली ९ लाख ४० हजार. इथे मी एक घोटाळा करणार होतो. खात्यात आलेले आकडेच जमेला धरत होतो. मॅडमनी पेन्सिलने खूण केली: कापलेला टीडीएसही तुमचीच कमाई, बिलाची पूर्ण रक्कम धरायची.

खर्चासाठी अप्पा बळवंत चौकातून एक लांब वही आणली आणि लॅपलच्या रिकाम्या खोक्यात कोंबलेल्या पावत्या तीन संध्याकाळी बसून लिहिल्या. अर्ध्या थर्मल कागदाच्या, शाई उडून कोऱ्या झालेल्या. सेल, हार्ड डिस्क, भाड्याने आणलेले माइक, एसटी आणि टॅक्सी, बूम धरणाऱ्या पोराचे दिवसाचे दीड हजार. मेडिकलच्या दुकानाची अकरा बिलं निघाली तेव्हा मॅडम गंभीर झाल्या. "आजारपणाचा खर्च यात नाही धरता येत हं."

"आजारपण नाही मॅडम, मायक्रोपोर टेप आहे. लॅपल अंगाला चिकटवायला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणाच्या अंगाला?"

"हिरोच्या."

बिलांवर मागे पेनाने शूटिंगचं नाव आणि तारीख लिहायला लावली. बूमवाल्या पोराला एकदा मी एकरकमी १४ हजार रोख दिले होते, ते मात्र खर्चातून उडाले. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिलं तर ते धरत नाहीत. आता त्याला चहाचे वीस रुपयेसुद्धा यूपीआयने पाठवतो. नव्या मशिनचा घसारा १५ टक्के मिळतो, पण नोव्हेंबरात घेतल्यामुळे वर्षात १८० दिवस भरले नाहीत, म्हणून निम्मा, साडेसात. २ लाख ४० हजारांवर १८ हजार. ऑक्टोबर लागायच्या आत घेतलं असतं तर दुप्पट. मेहुण्याला हे सांगितलेलं नाही.

खर्च २ लाख ५८ हजार, घसारा १८ हजार. उरले ६ लाख ६४ हजार, त्यात सेव्हिंगच्या व्याजाचे चार हजार मिळवून ६ लाख ६८ हजार. नव्या पद्धतीने टॅक्स २१,८००, आणि उत्पन्न त्या वर्षीच्या सात लाखांच्या मर्यादेत असल्यामुळे कलम ८७ए खाली तोही माफ. जुन्या पद्धतीत जायला वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि माझ्याकडे एलआयसीच्या एका हप्त्याखेरीज दाखवायला काही नाही, त्यामुळे तो विषय दोन मिनिटांत संपला. म्हणजे कापलेलं सगळं परत.

किती कापलं होतं? माझ्या बिलांप्रमाणे ५७ हजार. २६एएसमध्ये ३३ हजार.

चोवीस हजारांचा फरक एकाच ठिकाणचा होता. एक सिनेमा, माझं बिल २ लाख ४० हजारांचं, खात्यात आले २ लाख १६. कापले तर होते, पण सरकारकडे पोचलेच नव्हते. मॅडम म्हणाल्या, जमा पूर्ण दाखवा, पण टीडीएस जेवढा २६एएसमध्ये दिसतोय तेवढाच मागा, नाहीतर रिफंडच अडकेल. उरलेला पाठपुरावा करून आणा, ३१ डिसेंबरच्या आत आला तर रिव्हाइज्ड रिटर्न भरू. २९ जुलैला रिटर्न भरलं, आधारच्या ओटीपीने व्हेरिफाय केलं. सप्टेंबरात ३३ हजार आणि वर ९९० रुपये व्याज. त्या ९९० वर पुढच्या वर्षी टॅक्स लागू शकतो, म्हणे.

चोवीस हजारांसाठी प्रॉडक्शनच्या अकाउंटंटला फोन सुरू केले. आधी "बघतो सर", मग "फॉर्म १६ए पाठवतो सर" (म्हणजे टीडीएस कापल्याचा दाखला), मग फोन उचलणं बंद. एका सकाळी डेक्कन क्वीनने दादर आणि तिथून लोकलने त्यांच्या ऑफिसात जाऊन उभा राहिलो. अकाउंटंट पंचविशीचा पोरगा, डब्यातली पोळी तशीच ठेवून उठला. "सर, खरं सांगू का, पिक्चर अडकलंय. टीडीएस कोणाचाच भरलेला नाही." माझ्यासारखे चाळीस-एक जण होते. मेकअपवाले, लाइटवाले, स्पॉट. बहुतेकांना पत्ताच नाही. त्याच्यावर ओरडायला गेलो होतो, पण त्याचाही तीन महिन्यांचा पगार थकला होता.

चहा पिऊन परत आलो. मॅडमनी चार ओळींचा मेल लिहून दिला: बिलांचे नंबर, तारखा, कापलेली रक्कम, कंपनीचा टॅन म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा नंबर, आणि शेवटी एवढंच की कापलेला टीडीएस न भरणं हा कलम २७६बी खाली गुन्हा आहे, ज्याला तेव्हा तीन महिने ते सात वर्षं शिक्षा होती. तो मी प्रोड्युसरलाच पाठवला आणि युनिटच्या ग्रुपवरही टाकला, ज्याला हवा त्याने आपले आकडे भरून पाठवावा म्हणून. ग्रुपवर एरवी वाढदिवसाचे केक येतात. त्या रात्री एकोणीस जणांनी तो मेल पाठवला. लाइटच्या एका दादांनी मला फोन करून विचारलं, "भाऊ, हा पैसा आपला असतो व्हय?"

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात २६एएस उघडलं, तर २४,००० ची ओळ. डिसेंबरात रिव्हाइज्ड रिटर्न, फेब्रुवारीत पैसे. पहिला हप्ता म्हणून मेहुण्याला पाठवले.

या वर्षी कामं जास्त आहेत, त्यामुळे मॅडमनी १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या अॅडव्हान्स टॅक्सच्या तारखा वहीच्या पहिल्याच पानावर लिहायला लावल्यात. तिथेच खाली व्यवसाय कराचे अडीच हजार. प्रत्येक कामाला एक ओळ: बिल, कापले किती, कोणत्या कलमाखाली, टॅन, २६एएसमध्ये आलं का.

परवा त्याच प्रोड्युसरचा फोन आला. नवीन शेड्यूल आहे, भोरला, बावीस दिवस, येणार का. पैसे बरे होते. मी म्हटलं, येईन, पण मागच्या त्याच कंपनीतून बिल निघणार की दुसऱ्या? टॅन काय?

"अकाउंट्सला विचारून सांगतो," तो म्हणाला.

अजून सांगितलेलं नाही. तारखा पेन्सिलने लिहून ठेवल्यात.