आधी डिपस्टिक, मग कन्व्हर्टर

मॉडिफाय केलेली ऑटोमॅटिक गाडी माझ्याकडे येते तेव्हा मालकाचं निदान आधीच पक्कं झालेलं असतं: "कन्व्हर्टर गेलाय, जरा मोठ्या स्टॉलचा टाकू." (कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर; स्टॉल म्हणजे गाडी जागेवर धरून फुल थ्रॉटल दिल्यावर इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढतं तो आकडा.) मी हो म्हणतो आणि गिअरबॉक्सची डिपस्टिक बाहेर काढतो. पांढऱ्या कागदावर तेलाचे दोन थेंब पुरतात. लालसर आणि स्वच्छ असेल तर बरं. तपकिरी होऊन करपलेला वास येत असेल तर आत क्लच प्लेटा जळताहेत, आणि दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट तेलात शिरलंय. अशा बॉक्सला नवा कन्व्हर्टर लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

७००आर४ (जनरल मोटर्सचा चार गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स) असेल तर त्यानंतर थेट टीव्ही केबल, म्हणजे कार्बोरेटरपासून बॉक्सपर्यंत जाणारी थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल. लोक तिला किकडाऊनची, म्हणजे पेडल दाबल्यावर फक्त खालचा गिअर पाडणारी केबल समजतात. ती गिअर कधी बदलायचा ते तर ठरवतेच, पण बॉक्समधलं तेलाचं प्रेशरही तिच्याच हाती असतं. कार्बोरेटर बदलला की लिव्हरची भूमिती बदलते, केबल पुरेशी ओढली जात नाही, प्रेशर कमी पडतं आणि तिसऱ्या-चौथ्याचा क्लच पॅक बघता बघता जळतो. मी एकाला पेडल तळाला टेकवून धरायला सांगतो आणि स्वतः बॉनेटखाली वाकून केबल बघतो. फुल थ्रॉटलला ती पूर्ण ओढलेली हवी. नसेल तर गाडी गेटबाहेरसुद्धा न्यायची नाही.

दुसरी नेहमीची तक्रार थरथरीची. हलक्या थ्रॉटलवर एकसारख्या वेगात गाडी रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी कापते. डाव्या पायाने ब्रेक पेडल जेमतेम ब्रेक लाइट लागेल इतकंच दाबा. लॉक-अप, म्हणजे इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा कन्व्हर्टरमधला क्लच, सुटतो; थरथर थांबली तर संशय लॉक-अप क्लचवर किंवा तेलावर. फसगतही इथेच होते. लॉक-अप सुटला की कन्व्हर्टर इंजिनचे झटके गिळतो, त्यामुळे हलकं मिसफायर (सिलिंडरमधलं इंधन नीट न पेटणं) सुद्धा दडून जातं. म्हणून स्कॅनर लागत असेल तर मिसफायरचे आकडे बघितल्याशिवाय मी बॉक्सला हात लावत नाही. प्लग-कॉइलच्या दुखण्यापायी बॉक्स उतरवलेले लोक कमी नाहीत.

जागेवरून पिकअप मेला, पण वेग घेतल्यावर गाडी ठीक पळते? इंजिन ठणठणीत असेल तर कन्व्हर्टरमधल्या स्टेटरचा (तेलाचा प्रवाह वळवणाऱ्या चाकाचा) वन-वे क्लच, जो एकाच दिशेने फिरायला हवा, तो दोन्हीकडे फिरतोय. म्हणजे दोष खरोखर कन्व्हर्टरचाच.

आता निवड. डब्यावर छापलेला स्टॉलचा आकडा दगडावरची रेघ नव्हे. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनमागे लावला तर वरच्या आरपीएमला स्टॉल होतो. म्हणून मी आधी गाडीचं वजन, कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) कुठल्या आरपीएमपासून ओढायला लागतो, मागच्या ॲक्सलचं रेशो आणि टायरचा व्यास विचारतो. मग साधा हिशोब. ६६ सेंटिमीटर व्यासाचा टायर, ३.०८ रेशो, ओव्हरड्राइव्ह नसलेला टीएच३५० (जनरल मोटर्सचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स): ताशी १०० किलोमीटरला इंजिन सुमारे २४७५ आरपीएमवर. तिथे ३००० स्टॉलचा सैल कन्व्हर्टर बसवलात तर हलक्या थ्रॉटलला स्लिप कमी असेल, पण चढ लागला की तेल तापायला लागतं, आणि लॉक-अपही नाही. ३.७३ रेशो असेल तर तोच वेग ३००० च्या आसपास येतो आणि मग तो कन्व्हर्टर शोभतो. कॅम २००० पासून काम करत असेल तर माझा कल २४००-२५०० कडे. बहुतेक जण गरजेपेक्षा मोठा स्टॉल मागतात. रस्त्यावरच्या गाडीत मला तो हट्ट पटत नाही. स्टॉल वाढवलाच तर वेगळा कूलर हवा, त्यावर मी वाद घालत नाही. जुना बॉक्स जळून गेला असेल तर कूलरच्या लाइनी फ्लश करा, नाहीतर जुन्या क्लचचा चुरा नव्या बॉक्समध्ये जातो.

बसवताना कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल ओता, फिरवत फिरवत आत ढकला. दोन-तीनदा 'टक' लागून तो आत सरकतो. बेलहाऊसिंग (बॉक्सचा पुढचा घंटेसारखा भाग) इंजिनला पूर्ण टेकल्यावरही कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनमागची चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) साधारण ३ ते ५ मिलिमीटर मागे राहिला पाहिजे. फट नसेल तर बोल्टने ओढून घेऊ नका, बॉक्सचा पंप फुटतो. बॉक्स मागे घ्या आणि कन्व्हर्टर पुन्हा बसवा.