पाण्यासाठी मी थांबले, तेव्हा घड्याळही थांबले होते

मागच्या डिसेंबरात मी धावलेल्या ३० किलोमीटरच्या लाँग रनचा सरासरी पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, माझ्या घड्याळाने ६:३० (साडेसहा मिनिटे) असा दाखवला होता. त्या आकड्यावर मी महिनाभर खूश होते, आणि जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी, त्याच आकड्याने मला तोंडघशी पाडले. चूक घड्याळाची नव्हती. त्याला जे मोजायला सांगितले होते तेच त्याने इमानेइतबारे मोजले होते; मी पाणी प्यायला थांबले की तेही थांबत होते.

आमचा रविवारचा मार्ग ठरलेला आहे. शिवाजी पार्कहून निघायचे, वरळी सी फेस, हाजी अली, पेडर रोडचा चढ, चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह असे करत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापर्यंत जायचे, आल्या वाटेने परतायचे, आणि अंतर कमी भरले तर पार्काच्या कट्ट्याभोवती फेऱ्या मारून ते पुरे करायचे. हातातली ५०० मिलिलिटरची बाटली हाजी अली येईपर्यंत रिकामी होते आणि त्यापुढे टपऱ्यांचा आधार घ्यावा लागतो. टपरीवर बाटली मागायची, पैसे द्यायचे, झाकण उघडायचे, उभ्याने प्यायचे आणि उरलेले पाणी हातातल्या बाटलीत ओतून पुन्हा निघायचे, यात दीड मिनिट सहज जाते. एकदा तर घामेजलेल्या बोटांना मोबाइलची स्क्रीन दादच देईना. पैसे पाठवण्यासाठी पिन दाबायचा माझा चौथा प्रयत्न फसल्यावर टपरीवाला कंटाळून म्हणाला, ‘‘ताई, राहू द्या, पुढच्या रविवारी द्या.’’ तेव्हापासून मी दहाच्या तीन-चार नोटा प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून कमरेच्या पट्ट्यात ठेवते. (त्याचे पैसे पुढच्या रविवारी दिले, हे सांगितलेले बरे.)

त्या डिसेंबरातल्या धावण्यात मी असे सहा वेळा थांबले होते. म्हणजे नऊ मिनिटे. घड्याळात ऑटो-पॉज, म्हणजे मी थांबले की मोजणी आपोआप थांबवणारी सोय, चालू असल्यामुळे ही नऊ मिनिटे हिशेबातून परस्पर गळली. ६:३० च्या पेसने ३० किलोमीटरला ३ तास १५ मिनिटे लागतात, आणि घड्याळ तेवढेच दाखवत होते. घरातून पाहणाऱ्याला मात्र मी ३ तास २४ मिनिटे बाहेर होते. हा वेळ धरला तर पेस ६:४८ होतो. किलोमीटरमागे १८ सेकंद म्हणजे फारसे काही नाही असे वाटते, पण ४२.१९५ किलोमीटरला ६:३० ने ४ तास ३४ मिनिटे १६ सेकंद लागतात आणि ६:४८ ने ४ तास ४६ मिनिटे ५६ सेकंद. मी पहिला आकडा मनात धरून निघाले होते आणि प्रत्यक्षात ४ तास ५१ मिनिटांनी पोहोचले. स्पर्धेतली चिप सुरुवातीच्या पट्टीवरून शेवटच्या पट्टीपर्यंतचा सगळा वेळ मोजते. मधे तुम्ही पाणी प्यायलात, बुटाची नाडी बांधलीत की रस्त्याकडेला उभे राहून पोटरी चोळलीत, याच्याशी तिला कर्तव्य नसते.

याहून महत्त्वाची गोष्ट मला उशिरा कळली. दीड मिनिट उभे राहिले की हृदयाचे ठोके खाली येतात, श्वास जागेवर येतो आणि पाय थोडे हलके होतात. म्हणजे मी ३० किलोमीटर सलग धावलेच नव्हते; चार-सव्वाचार किलोमीटरचे सात तुकडे धावले होते आणि प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये विश्रांती घेतली होती. तसा व्यायामही उपयोगाचा असतो, पण त्यावरून मॅरेथॉनच्या पेसचा अंदाज बांधणे म्हणजे दर षटकानंतर चहापान घेऊन कसोटी खेळल्यासारखे आहे.

आमच्या गटात बासष्ट वर्षांचे एक काका आहेत. ते हातात किल्लीचे जुने एचएमटी घड्याळ घालून धावतात. आमच्या मार्गाचे अंतर त्यांनी कधीकाळी स्कूटरच्या मीटरवर मोजले असून तेच अंतिम, असा त्यांचा आग्रह असतो. मी त्यांना ६:३० चे कौतुक सांगायला गेले, तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘अगं, ते असू दे. निघालीस किती वाजता आणि पोहोचलीस किती वाजता?’’ मला हा प्रश्न त्या दिवशी जुनाट वाटला होता. आता माझ्या घड्याळात ऑटो-पॉज बंद आहे. स्ट्राव्हासारखी धावण्याची नोंद ठेवणारी अ‍ॅप नेहमीच्या धावण्याचा पेस हालचालीच्या वेळावरून काढतात आणि धाव ‘रेस’ म्हणून नोंदवली तरच एकूण वेळ धरतात. म्हणून घरी आल्यावर मी अ‍ॅपमधला ठळक आकडा सोडून एकूण वेळ वहीत लिहिते. सिग्नलला थांबतानाही मी घड्याळ थांबवत नाही. हाजी अलीच्या सिग्नलचे एक मिनिट माझ्या क्षमतेबद्दल काही सांगत नाही, हा युक्तिवाद मला मान्य आहे, परंतु एकदा बटण दाबण्याची मुभा घेतली की ती सिग्नलपुरती राहत नाही, हा स्वतःविषयीचा अनुभवही आहे.

पाण्यासाठी थांबण्याऐवजी चालायचे, हा दुसरा बदल. याचा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा स्वतःच चकित झाले. किलोमीटरला दहा मिनिटे अशा गतीने ४० सेकंद चालले तर सुमारे ६७ मीटर अंतर कापले जाते. तेच अंतर ६:३० ने धावायला २६ सेकंद लागतात. म्हणजे चालत पाणी पिण्याची खरी किंमत १४ सेकंद, तर उभे राहिले असते तर पूर्ण ४०. ३० किलोमीटरमध्ये सात वेळा असे चालले तरी जेमतेम ९८ सेकंद जातात आणि सरासरी पेसमध्ये तीन-सव्वातीन सेकंदांची भर पडते. माझ्या जुन्या पद्धतीत ही भर १८ सेकंदांची होती. आता मी दर चार किलोमीटरला साठ-सत्तर पावले मोजून चालते, घोट घोट करत पाणी पिते आणि मोजणी संपली की, प्यायचे उरले असले तरी, धावायला लागते. धावता धावता पिणे मला जमत नाही. अर्धे पाणी नाकात जाते आणि पुढचे पाचशे मीटर खोकण्यात जातात.

पाण्याचा घुटका घेतलेला किलोमीटर घड्याळात ६:४४ असा दिसतो. सुरुवातीला तो आकडा पाहून जीव खालीवर होई आणि पुढच्याच किलोमीटरात मी ते १४ सेकंद वसूल करायला धावे. ६:१६ चा एक किलोमीटर चौदाव्या किलोमीटरला काहीच वाटत नाही, पण अशा चार-पाच वसुल्यांचे व्याज पेडर रोडचा चढ चढताना भरावे लागते, आणि मॅरेथॉनमध्ये परतीचा तो चढ पस्तिसाव्या किलोमीटरनंतर येतो. आता ती तूट मी पुढच्या चार किलोमीटरांत तीन-साडेतीन सेकंदांनी वाटून टाकते, आणि जमले नाही तर सोडून देते.

किती पाणी प्यायचे, याचे उत्तर मला वजनकाट्याने दिले. ऑक्टोबरमधल्या एका सकाळी मी धावण्याआधी वजन केले, ते ६१.२ किलो भरले. दीड तास धावून, अंग पुसून, कोरड्या कपड्यांत पुन्हा काट्यावर उभी राहिले तर ५९.९. मधे ३०० मिलिलिटर पाणी प्यायले होते आणि लघवीला गेले नव्हते. एक लिटर घाम म्हणजे साधारण एक किलो वजन, या हिशेबाने १.३ आणि ०.३ मिळून १.६ लिटर घाम दीड तासात गेला. तासाला एक लिटरहून थोडा अधिक. हाच प्रयोग डिसेंबरात केला तेव्हा तासाला पाऊण लिटरच भरला. मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये पहाटेही हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळतच नाही, नुसता ओघळत राहतो, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. त्यामुळे एकाच व्यक्तीला, एकाच मार्गावर, दोन महिन्यांच्या अंतराने पाण्याची दोन वेगळी वेळापत्रके लागतात.

गेलेला सगळा घाम धावतानाच भरून काढायचा नसतो. वजनातली सुमारे दोन टक्के घट चालवून घ्यावी, असा खेळाच्या वैद्यकात रुळलेला ढोबळ निकष आहे. माझ्या बाबतीत ती सव्वा किलोच्या आत येते. ऑक्टोबरच्या ३ तास २४ मिनिटांच्या धावण्यात जाणाऱ्या साडेतीन लिटरहून अधिक घामातून तेवढी सूट वजा केली तर तासाला ७०० मिलिलिटर प्यावे लागेल, जे माझ्या पोटाला जड जाते. म्हणून त्या महिन्यात मी पेसच उतरवते. डिसेंबरात तोच हिशेब तासाला ४०० मिलिलिटरवर येतो आणि तो सहज जमतो.

हा हिशेब करण्यापूर्वी मी दुसऱ्या टोकाची चूकही केली होती. कोणीतरी ‘तहान लागायच्या आधीच पीत राहा’ असे सांगितले होते. डिसेंबरातल्या थंड सकाळी मी दिसेल त्या टपरीवर प्यायले. घरी आले तेव्हा अंगठी बोटात रुतली होती, डोके जड झाले होते आणि वजन निघतानापेक्षा ६०० ग्रॅमने वाढले होते. तीन तास धावून वजन वाढावे, याचे मला तेव्हा हसू आले. पुढे वाचल्यावर हसू मावळले. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातले सोडियम पातळ होते आणि त्यातून जीवही जाऊ शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताच्या तपासणीत १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले, हा अभ्यास २००५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि धावताना वजन वाढण्याशी त्याचा ठळक संबंध दिसला. त्यामुळे आता काट्यावर वजन जास्त दिसले तर ती मला कमी दिसण्याहून मोठी धोक्याची खूण वाटते.

आम्हा बायकांची आणखी एक अडचण आहे, जी पाण्याच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही. पहाटे पाचला उघडे आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह मिळण्याची खात्री नसल्यामुळे आमच्यातल्या कित्येक जणी मुद्दामच कमी पितात. मीही पूर्वी तेच करत असे. यावर मला मिळालेला उपाय एवढाच, की निघण्याआधी दीड-दोन तास उठून पाऊण ग्लास पाणी प्यायचे, घरूनच मोकळे होऊन निघायचे आणि मार्गावरची उघडी असणारी ठिकाणे आधीच्या आठवड्यात पाहून ठेवायची. पहाटे अडीचला उठण्याबद्दल घरचे काय म्हणतात, ते येथे लिहीत नाही.

ओआरएसबद्दल एकच सांगते. एक लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते आणि ती एक लिटर पाण्यासाठीच असते. हातातल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी ओतणारे पुष्कळ जण दिसतात. ते दुप्पट दाट पाणी पोटात ढवळते आणि मग दोष ओआरएसला दिला जातो. मी अर्धी पुडी घरीच मोजून घेते आणि टपरीवरचे पाणी साधे पिते.

राहिला घड्याळातल्या चालू पेसचा प्रश्न. तो आकडा मी आता पाहतच नाही. उंच इमारतींच्या मधून जाताना उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि घड्याळ एका क्षणी ४:५० तर दुसऱ्या क्षणी ८:१० दाखवते. मरीन ड्राइव्हच्या मोकळ्या आकाशाखाली तेच घड्याळ शहाण्यासारखे वागते. म्हणून मी फक्त किलोमीटरचा सरासरी पेस आणि एकूण वेळ एवढेच दोन आकडे समोर ठेवते. स्पर्धेत तर घड्याळातले अंतरही थोडे जास्तच भरते, कारण वळणे आतून कापत, गर्दी न टाळता, अचूक रेषेत कोणी धावत नाही. घड्याळात शेवटी ४२.७ किलोमीटर भरले तर ६:३० चा पेस दिसत असूनही वेळ ४ तास ३७ मिनिटांपुढे गेलेली असते. येत्या जानेवारीसाठी मी मनगटावर चिकटवायला एक चिठ्ठी केली आहे. तिच्यावर दर पाच किलोमीटरच्या फलकाशी किती वाजलेले असावेत तेवढेच लिहिले आहे, आणि पाण्याचे सेकंद त्यात आधीच धरलेले आहेत. पाण्याच्या टेबलांच्या रांगेत पहिल्या टेबलावर झुंबड असते, तेव्हा शेवटच्या टेबलाकडे जायचे, हेही तिच्या कोपऱ्यात लिहून ठेवले आहे, कारण ऐन वेळी ते सुचत नाही.

गेल्या रविवारी ३२ किलोमीटर होते. ४ वाजून ४० मिनिटांनी निघाले, आठ वेळा चालत पाणी प्यायले, हाजी अलीला एकदा सिग्नलला अडकले आणि ८ वाजून १४ मिनिटांनी पार्कात परतले. वजन १.१ किलोने कमी भरले. काका कट्ट्यावर शहाळे पीत बसले होते. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, मी दोन्ही वेळा सांगितल्या, आणि त्यांनी डोळे मिटून, ओठ हलवत भागाकार केला. ‘‘सहा एक्केचाळीस,’’ ते म्हणाले.

‘‘घड्याळात सहा एकोणचाळीस आहे, काका. अंतर बत्तीस पूर्णांक दोन दाखवतंय.’’

त्यांनी शहाळ्यातली नळी बाजूला केली आणि विचारले, ‘‘मग ते दोनशे मीटर कुठे धावलीस?’’