मे महिन्याच्या दुपारी धुराडं उलटं का वाहतं

सोलापुरात धुराड्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होत नाही, मे महिन्यात होते. सकाळी सहाला निमूट धूर वर सोडणारी चूल दुपारी तीनला पेटवली की स्वयंपाकघर धुरानं कोंदतं. मग गवंड्याला बोल, जळणाला बोल, आणि शेवटी कुणीतरी मोठा पाइप बसवायचा सल्ला देतं. मोठ्या पाइपनं हा दोष जात नाही, बहुतेक वेळा वाढतोच.

धुराड्याला ओढ लागते ती हवेच्या वजनातल्या फरकामुळे. पाइपमधला गरम धूर हलका, बाहेरची हवा जड, म्हणून धूर वर ढकलला जातो. हा फरक किती, याचा हिशेब करता येतो. दहा फुटी पाइप आणि आत सरासरी १५० अंशांचा धूर धरला, तर हिवाळ्यात पहाटे १२ अंशांना साधारण ११ पास्कल ओढ मिळते. मे महिन्यात ४२ अंशांना तीच ८ पास्कलवर येते. जाळ मंद असून धूर १०० अंशांचाच असेल तर दुपारी जेमतेम ५ उरतात. एक पास्कल म्हणजे पाण्याच्या पातळीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा फरक. इतक्या नाजूक दाबावर सगळं चालतं, त्यामुळे दार आपटणं किंवा पंखा लावणंसुद्धा त्याला जाणवतं.

माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेल्या घरात आणखी एक गोष्ट घडते. जाड भिंती आणि वरच्या मातीमुळे दुपारी घर बाहेरच्यापेक्षा आठ-दहा अंशांनी गार असतं. चूल विझलेली असेल तर भिंतीतलं विटांचं धुराडंही तेवढंच गार. आतली हवा जड आणि बाहेरची हलकी झाल्यामुळे धुराड्यातून हवा खाली येत राहते. हा उलटा दाब एक पास्कलच्या आसपास असतो, पण पेटवताना जाळ लहान असतो तेव्हा तेवढाही पुरतो. दार उघडूनही फारसा फरक पडत नाही, कारण इथे हवेची कमतरता नाही, धुराडं गार आहे. छतावर उघड्यावर असलेला पत्र्याचा पाइप उन्हानं तापतो, त्याला हा त्रास कमी. भिंतीच्या पोटातून नेलेल्या धुराड्याला सगळ्यात जास्त.

म्हणून पेटवण्याआधी उदबत्ती लावा आणि चुलीच्या तोंडाशी धरा. धूर आत वळला तर पेटवायला हरकत नाही. तुमच्याकडे वळला तर आधी धुराडं तापवायचं. पाइपच्या तळाशी राख काढायचं झाकण असतं, ते उघडून आत कागदाचा एक बोळा आणि पाच-सहा बारीक तुराट्या पेटवा. मिनिट-दोन मिनिटांत आतून हलका सूं आवाज येतो. मग झाकण लावा आणि चूल पेटवा. तळाशी झाकण ठेवलेलंच नसेल तर ते करून घ्या. साफसफाईलाही तेच लागतं. रॉकेल ओतून भडका करणं हा उपाय नव्हे. त्यात जाळ तोंडाबाहेर येतो आणि पदर पेटतात.

धूर दुपारीच नाही तर कधीही येत असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं. पहिला संशय एक्झॉस्ट पंख्यावर घ्या. पंखा धुराड्यापेक्षा कितीतरी जोरानं हवा बाहेर फेकतो आणि ती भरून काढायला हवा धुराड्यातून खाली येते. चूल आणि पंखा एकत्र चालवायचे असतील तर चुलीजवळ जमिनीलगत किमान नऊ बाय नऊ इंचांची जाळी हवी, आणि तरीही धूर आला तर पंखा बंद. पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे भाकरीचे गृहउद्योग चालतात, तिथे शेडच एक मोठं धुराडं बनतं. पत्र्याखाली तापलेली हवा वरच्या झरोक्यांतून निघते आणि खाली दार बंद असेल तर पाइपमधून हवा ओढते. झरोके बुजवू नका, खाली जागा करा. कूलरचं उलट आहे. खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत भरतो, त्यामुळे ओढीला मदतच होते. फक्त त्याचा झोत चुलीच्या तोंडावर येऊ देऊ नका.

आता पाइपचं माप. ठोकताळा असा की बुटक्या धुराड्याला पाइपचं क्षेत्रफळ चुलीच्या तोंडाच्या आठव्या भागाएवढं तरी असावं. घरची चूल नऊ बाय आठ इंच तोंडाची, म्हणजे ७२ चौरस इंच. तिला चार इंची पाइप (साडेबारा चौरस इंच) भरपूर झाला. भाकरीची मोठी चूल चौदा बाय दहाची असेल तर १४० चौरस इंचांना साडेसतरा लागतात. तिथे चार इंची अपुरा, पाच इंची बरोबर. लहान चुलीला आठ इंची लावला तर धूर रेंगाळतो, गार होतो, ओढ मरते आणि काजळी पाइपभर बसते. मोठ्या पाइपचा सल्ला फसतो तो इथे.

चुलीवरचे तीन उंचवटेही इथे आडवे येतात. साध्या चुलीत तवा त्यांच्यावर टेकतो आणि खालून धूर, जाळ निघायला फट राहते. धुराड्याच्या चुलीत त्याच फटीतून गार हवा आत शिरते आणि धूर पातळ आणि गार करून टाकते. उंचवटे काढून तवा सपाट बसेल असं लोखंडी कडं बसवा. वैल (चुलीला जोडलेलं दुसरं तोंड) असेल तर वापरात नसताना त्यावर झाकण ठेवा.

उंची जमिनीपासून नव्हे, जाळापासून मोजायची. दहा फुटांपेक्षा कमी नको. सपाट छतावर पाइप छतातून वर येतो तिथून तीन फूट तरी वर काढा, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, कठडा, पाण्याची टाकी, जिन्याची खोली, त्याच्यापेक्षा दोन फूट वर. सोलापुरात पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. जिन्याच्या खोलीच्या पश्चिमेला तिच्यापेक्षा बुटका पाइप असेल तर वारा भिंतीवर आदळतो आणि तिथे वाढलेला दाब पाइपात शिरतो. जून लागल्यावरच धूर येतो अशी तक्रार असेल तर आधी छतावर जाऊन हे बघा. वरची टोपी पाइपच्या तोंडापासून किमान चार इंच वर हवी. पावसाच्या भीतीनं ती बऱ्याचदा दोन इंचांवर बसवतात आणि तिथेच ओढ अडते. पाखरांसाठी लावलेली जाळी अर्ध्या इंचाहून बारीक असेल तर काजळीनं महिन्याभरात बुजते.

वळणं जेवढी कमी तेवढी बरी. काटकोनी कोपऱ्याऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन कोपरे घ्या. आडवा पाइप टाळता येत नसेल तर दोन-तीन फुटांपेक्षा लांब नको, आणि त्याला फुटामागे पाव इंच तरी चढ द्या. सांध्यांत नेहमी होणारी चूक म्हणजे वरचा पाइप खालच्या पाइपावर टोपीसारखा बसवणं. वरच्या पाइपचं निमुळतं टोक खालच्या पाइपच्या आत जायला हवं, म्हणजे आत गळणारा काळा डिंक आतूनच चुलीकडे परत येतो. उलटं बसवलं तर तो भिंतीवर ओघळतो आणि तो डाग चुन्याखालीही लपत नाही. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू मारा. चुलीलगतचे पहिले तीन फूट जीआय पाइप नको. त्यावरचा जस्ताचा थर फार तापला की त्याची वाफ अपायकारक असते. तिथे काळ्या लोखंडी पत्र्याचा पाइप वापरा, वर जीआय चालतो.

माळवदातून पाइप नेण्याबाबत आमचं मत स्पष्ट आहे: शक्यतो नेऊ नका. तुळया, फळ्या आणि त्यावरचा पाल्याचा थर, सगळं जळणारं. एकेरी पाइप आणि लाकूड यांत दीड फूट अंतर हवं, आणि माळवदात तेवढं मिळत नाही. भोवती माती लिंपली म्हणून लाकूड वाचत नाही. रोज तापणारं लाकूड वर्षानुवर्षं आतून कोळपत जातं आणि मग कमी उष्णतेलाही पेट घेतं. दगडी भिंतीतून बाहेर काढून वर नेणं सोपं पडतं. छतातूनच न्यायचा असेल तर आठ इंची बाहेरचा पाइप, आत चार इंची, मधे रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर), आणि बाहेरच्या पाइपभोवतीही लाकूड कापून मोकळी जागा, एवढं करावंच लागतं.

जळणाबाबत सोलापूर नशीबवान आहे. फेब्रुवारीत फोडलेली बाभळीची ढलपी जूनपर्यंत कोरडी होते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणक आवाज येतो. वेडी बाभूळही चांगली जळते, फक्त मनगटापेक्षा जाड तुकडे फोडून घ्या. तुराट्या लवकर आणि मोठ्या जाळानं पेटतात, म्हणून एका वेळी मूठभरच घाला. मोळी कोंबली की हवा कमी पडते आणि धूर तोंडातून परततो. कण्हेर मात्र जाळायची नाही, तिचा धूरही विषारी असतो. पेटवणाला यंत्रमागाच्या कारखान्यातल्या चिंध्या वापरण्याची सवय शहरात आहे. सुती असतील तर ठीक, पॉलिस्टर मिसळलेल्या असतील तर काळा धूर आणि पाइपात चिकट थर.

कडक भाकरीच्या वेळी चिमणी सगळ्यात जास्त घाण होते. तव्यावरून उतरलेली, आरावर शेकलेली पातळ भाकरी कुरकुरीत होईपर्यंत मंद आचेवर वाळवायची असते. त्यासाठी जाळावर राख टाकून तो दाबतात. दाबलेलं लाकूड जळत नाही, धुमसतं. धूर गार, ओढ नाही, आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर. आच कमी हवी तर लाकूड कमी करा, हवा कमी करू नका. दोन बारीक ढलप्यांचा उघडा जाळ ठेवा किंवा पूर्ण जळून झालेल्या निखाऱ्यांवर वाळवा, आणि निखारे लाल असेपर्यंत पाइपची झडप बंद करू नका. झडपेला मुळातच एक-दीड इंचाचं भोक ठेवा, म्हणजे ती कधी पूर्ण बंद होणारच नाही. हेच निखारे शेगडीत भरून थंडीच्या रात्री बंद खोलीत नेणं जिवावर बेतू शकतं, कारण त्या वायूला ना रंग ना वास. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं सुरू झालं आणि एकापेक्षा जास्त जणांना तसं होत असेल तर सगळ्यांना आधी उघड्यावर न्या आणि १०८ ला फोन करा.

रोज एक-दोन वेळा पेटणाऱ्या चुलीचा पाइप तीन महिन्यांनी, भाकरीच्या व्यवसायाचा दर महिन्याला साफ करा. आतला थर तीन मिलिमीटरचा झाला की थांबायचं नाही. पोत्याचा घट्ट बोळा दोरीच्या मधोमध बांधा, एक माणूस छतावर, एक खाली, आणि आळीपाळीनं ओढा. नाकाला रुमाल नको, मास्क लावा. पाइपात आग लागली तर आगगाडीसारखा घुमणारा आवाज येतो आणि पाइप लाल होतो. अशा वेळी पाइपात पाणी ओतायचं नाही. वाफेचा झोत उलटतो. चुलीच्या तोंडावर पत्रा लावून हवा तोडा, जळणावर माती टाका, माणसं बाहेर काढा, १०१ फिरवा. आग विझली तरी प्रत्येक सांधा तपासल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.

गेल्या शतकात सरकारी कार्यक्रमांतून बसवलेल्या निर्धूर चुलींचे सिमेंटचे पाइप अजून काही घरांत आहेत. त्यांतल्या बऱ्याच पाइपांत ॲस्बेस्टॉस असतं, आणि त्याची धूळ श्वासातून आत जाणं घातक असतं. अशा पाइपला आतून तारेचा ब्रश घासू नका, करवत किंवा ग्राइंडर तर अजिबात लावू नका. काढताना पाणी मारून ओला करा, न फोडता अख्खा उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा, आणि अंगणात भर टाकायला त्याचे तुकडे वापरू नका.