तुम्ही विचारलंत म्हणून: कलमं कराराने का दिली

घरची हापूसची कलमं कराराने, म्हणजे ठरलेल्या रकमेला काही हंगामांसाठी दुसऱ्याला का दिली, हा प्रश्न मला इतक्यांदा विचारून झालाय की विचारणाऱ्याचा चेहरा बघूनच तो येणार हे कळतं. गणपतीत आरती झाली की एखादा चुलत दीर, लग्नाच्या पंगतीत एखादी नणंद, आणि एप्रिल उजाडला की फोनवर सगळेच. विचारायची रीतही ठरलेली. आधी "वहिनी, यंदा मोहोर कसा होता?" मग जरा थांबून, "म्हणजे तुमचं अजून करारानेच..." पुढचं वाक्य माझ्यावर सोडलेलं असतं. यंदा ते लिहूनच पुरं करते, म्हणजे पुन्हा फोनवर नको.

देवगड तालुक्यातलं आपलं गिर्ये कुठे आणि देवगडच्या हापूसची साल पातळ का, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातले निम्मे याच कातळी सड्यावर शेणी गोळा करत वाढलात. मी घाटावरची, कोल्हापूरकडची. मला कलम आणि बाठीपासून वाढलेला रायवळ यातला फरक लग्नानंतर कळला. पण तुम्ही मुंबईला गेलात आणि मी इथे राहिले, तेव्हा माहेर-सासरचा हिशोब आता उलटा झालाय असं समजा.

अलीकडे तुमच्या बोलण्यात 'वारसा' फार येतो. पाहुणे घेऊन येता, विजयदुर्ग दाखवता, येताना रामेश्वराला थांबता, कातळ खोदून केलेल्या त्या उतरत्या वाटेवर फोटो काढता, संभाजी आंग्र्यांच्या समाधीला हात जोडता, आणि मग आमच्या सड्यावर येऊन सांगता, "ही आमची कलमं, हाही वारसाच." खोटं नाही. देवळाची वाट ज्या कातळात खोदली, त्याच जांभ्यात आप्पांनी, माझ्या सासऱ्यांनी, सुरुंग लावून खड्डे काढले आणि खालच्या शेतातली माती टोपल्यांनी डोक्यावरून आणून ते भरले. फक्त एक फरक आहे. आंग्र्यांच्या समाधीला फवारणी लागत नाही.

कलमाला लागते. ऑक्टोबरात पालवीवर तुडतुडे. थंडी पडून मोहोर फुटला की पुन्हा तुडतुडे, भुरी, करपा. आणि आता या सगळ्यांचे बाप झालेले फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. औषध बदललं तरी ते आठवड्याने हजर. पहिल्या मोहोराला कणी धरली आणि मध्येच थंडी वाढली की त्याच फांदीवर पुन्हा मोहोर येतो आणि वाटाण्याएवढी झालेली फळं गळून पडतात. दिसायला बाग सुंदर दिसते तेव्हा. तुम्ही त्याचे फोटो स्टेटसला ठेवता. त्यात माकडं, राखणीचं नेपाळी जोडपं, त्यांची खोपी, पॉवर पंपाचं पेट्रोल. मग घळीने, म्हणजे जाळीच्या काठीने, एकेक फळ देठासकट काढायचं, तेही चौदा आणे, म्हणजे पूर्ण तयार व्हायला थोडंसं बाकी असलेलंच. बारा आण्याचं काढलं तर आढीत सुरकुततं, सोळा आणे होऊ दिलं तर आत साका, म्हणजे खराब पांढरट गर, निघतो. पेटी वाशीला जाते आणि काही दिवसांनी पट्टी येते. तिच्यावर हमाली, तोलाई, भाडं वजा झालेलं असतं आणि भाव दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेला असतो.

"मग थेट विका की! आता जीआय आहे, फळावर स्टिकर आहे." हेही ऐकलंय. ते भौगोलिक मानांकन 2018 मध्ये मिळालं, आणि 2025 च्या हंगामापासून देवगडच्या उत्पादक संस्थेचं युआयडी, म्हणजे फळागणिक वेगळ्या क्रमांकाचं, स्टिकरही आलं. चांगलंच झालं, कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने खपवणाऱ्याला थोडा तरी चाप. पण स्टिकर फळाला लागतं, मोहोराला नाही. झाडावर फळ धरेपर्यंतचं काय ते बोला.

हे सगळं मी वर्षानुवर्षं केलं, आणि रडत नाही केलं. मला ते आवडायचं. तुमचे भाऊ नोकरीवर, आप्पा थकलेले, बाग माझ्या हातात. कराराने बाग देणाऱ्यांना मी तेव्हा काय बोलत होते ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, कारण मी ते चारचौघांत बोलत होते. करारदार दोन-तीन हंगामांसाठी येतो, झाड त्याचं नसतं, तो जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती कल्टार नावाचं औषध ओततो. कल्टारने झाडाची वाढ थांबते, मोहोर लवकर आणि दरवर्षी येतो, आणि एरवी एक वर्षाआड देणारा हापूस बैलासारखा जुंपला जातो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कल्टार सांगितलंय, पण झाडाच्या घेराप्रमाणे मोजून, आणि जोडीला झाडाला खत वाढवून. करारदार मोजत नाही. हे मी म्हणत होते. आजही तसंच म्हणते. तरी बाग कराराने दिली, आणि आता 2021 कडे यावंच लागेल.

त्या वर्षी पहिला मोहोर थ्रिप्सने नेला. माल धरला तो दुसऱ्या मोहोराचा, म्हणजे उशिराचा. लॉकडाऊनमुळे गडी मिळेनात, काढणी रेंगाळलेली. म्हणूनच 16 मेला, रविवारी, तौक्ते चक्रीवादळ समोरच्या समुद्रातून वर सरकत होतं तेव्हा आमचा हंगामातला मोठा हिस्सा झाडावर होता. तुम्ही टीव्हीवर बघत होता, आमच्याकडे वीज रात्रीच गेलेली.

वाऱ्याचा आवाज मी सांगत बसणार नाही. फळं पडण्याचा सांगते. पहिल्यांदा पडतात ती वेगवेगळी ऐकू येतात, थप, थप. जवळच्या कलमाखालून, मग लांबून. थोड्या वेळाने ती वेगळी करता येत नाहीत, नुसती सर येते. आप्पा पडवीत बाकड्यावर बसून होते. मध्येच म्हणाले, "ह्यां विहिरीवयलां." म्हणजे विहिरीजवळच्या कलमाची फळं. वाऱ्यात, पावसात, पत्रे वाजत असताना त्यांना कुठल्या कलमाखाली पडतंय ते कळत होतं. मग एक आवाज झाला तो फळांचा नव्हता. जमिनीतून आल्यासारखा, ओल्या दोरखंडाला पीळ बसावा तसा. आप्पा उठले. मी दार अडवलं. सासऱ्यांचं दार अडवणारी सून तुम्ही बघितली नसेल, तेव्हा तीही होती.

दुपारनंतर जाता आलं तेव्हा गेलो. कातळावरच्या कलमाचं कसं असतं, मूळ खाली जात नाही, खड्डा भरला की आडवं पसरतं. त्यामुळे झाड मोडत नाही, कलंडतं. मुळांसकट मातीची गोल थाळी उभी राहते आणि खाली आप्पांनी काढलेला खड्डा, कातळावर सुरुंगाच्या पहारीच्या खुणा अजून दिसणाऱ्या. विहिरीजवळचं गेलं, गडग्याकडची गेली, समुद्राकडच्या रांगेतली बरीच गेली. जी उभी होती त्यांची पश्चिमेची पानं खारं वारं लागून पुढच्या दोन दिवसांत भाजल्यासारखी तांबडी झाली. आप्पा एकेका झाडाची उघडी मुळं नखाने खरवडून बघत होते. आत ओलं पांढरं दिसलं की म्हणायचे, "जिती आसत. उभी करूया."

पडलेला आंबा तीन दिवस वेचला. फुटलेला, मार लागलेला. कॅनिंगवाल्याने त्यातला निवडून घेतला, तोही मिळेल त्या भावाने, कारण त्या आठवड्यात अख्खा तालुका पडलेला आंबा घेऊन त्याच्याच दारात उभा. आंबापोळी घालावी तर ऊन नाही. बाकीचा गडग्यापलीकडे ओतला. तो वास तुमच्यापैकी कुणी घेतलेला नाही.

झाडं उभी करायला जेसीबी आणला. फांद्या छाटल्या, कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट लावली, मुळांवर माती चढवली, दोर बांधून टेकू दिले. पैसे लागले ते पीककर्जाच्या वर काढून. मग पंचनामा झाला, मदत जाहीर झाली, आणि सातबारा उघडला.

हा भाग मला सगळ्यात सावकाश लिहायचा आहे, कारण तो तुमच्याबद्दल आहे. सातबारा सामाईक. आप्पा, त्यांचे भाऊ, गेलेल्या भावांचे वारस, त्यात तुम्ही सगळे. मदत एका खात्यावर घ्यायची तर बाकीच्या खातेदारांची संमतीपत्रं हवीत असं सांगण्यात आलं. मी सगळ्यांना फोन केले. तुम्ही सगळे चांगलं बोललात. "वहिनी, आप्पांना जपा", "वहिनी, सही करून पाठवतो." काहींनी खरंच पाठवली, लॉकडाऊनात झेरॉक्सवाला शोधून, ते मी विसरलेले नाही. काहींची दिवाळीनंतर आली. एकाने आधी विचारलं की संमती दिली तर पुढे हिश्श्याला बाध येईल का, वकिलाला विचारून सांगतो. सांगितलं नाही. त्याचं नाव लिहीत नाही, तो हे वाचेल. तोपर्यंत मदतीची मुदत आमच्यापुरती निघून गेली होती आणि कर्जाचा हप्ता निघून गेलेला नव्हता.

करारदार गणपतीच्या आधी आला होता. अर्धी रक्कम हातावर, अर्धी मोहोर दिसल्यावर. मी आप्पांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. स्टॅम्पपेपर आणला तेव्हा त्यांनी सही केली, पण चष्मा मागितला नाही. आप्पा दुधाच्या बिलावरही चष्म्याशिवाय सही करत नसत. नंतर तुमच्यातल्याच एकाने विचारलं, "करारावर आमची सही का नाही घेतली?" यावर मी तेव्हा गप्प बसले. आता उत्तर देते: सही मागून बघितली होती, म्हणून.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की वहिनीवर पाळी आली, बिचारीने दिली. तेवढंच असतं तर हप्ता फिटल्यावर बाग परत घेतली असती. हप्ता फिटलाय. बाग अजून करारानेच आहे. ती का, तेही सांगते, आणि हे मात्र तुमच्यामुळे नाही.

मला जानेवारीत झोप लागते. आधी पहाटे उठून पहिलं काम म्हणजे दार उघडून धुकं आहे का बघायचं, आणि असलं की छातीत धस्स. आता धुकं पडतं ते करारदाराच्या मोहोरावर. आणि मी मे महिन्यात माहेरी जाते. लग्न झाल्यापासून मे म्हणजे आढी, पेट्या आणि तुमचे पाहुणे. आईने मला मे महिन्यात लग्नानंतर पाहिलंच नव्हतं. ती आता थकलीय, पण गेले काही मे तिने मला पाहिलं. याला तुम्ही आळस म्हणा. माझीही हरकत नाही.

तेव्हाची, बाग स्वतः करणारी मी मात्र हे मानत नाही. ती म्हणते, आळस तुझा आणि भोगणार झाड. बुंध्याला चीक येतोय, फांद्या शेंड्याकडून वाळताहेत, आणि तू कोल्हापुरात रस ओरपतेस. मी तिला म्हणते, तू उभी केलेली झाडं जगली ती माझ्या कराराच्या पैशाने घातलेल्या शेणखतावर. ती म्हणते, आणि करारदाराने ते खत कुणासाठी वापरून घेतलं? यावर मला उत्तर सुचत नाही. तुम्हीही मला एवढं अडचणीत आणत नाही.

आप्पा गेले. विहिरीजवळचं कलम आहे, थोडं तिरकं. रामेश्वर इथल्या आंबा संशोधन उपकेंद्रात जाऊन मी पुन्हा सगळं विचारून आले. शेवटच्या नूतनीकरणात स्टॅम्पपेपरवर अट घातली: कल्टार घालायचं नाही. त्यासाठी करारदाराने रक्कम कमी केली, मी ती मान्य केली. अट पाळली जाते का ते बघायला पावसात सड्यावर माझ्याशिवाय कुणी नसतं, आणि कल्टार ओतायला एक रात्र पुरते.

यंदाच्या पालवीची पेरं आखूड आली आहेत. पानं शेंड्याला गुच्छासारखी. करारदाराला विचारलं तर म्हणाला, "काकू, पाऊस लवकर थांबला ना." पाऊस लवकर थांबला होता, हे खरं आहे. पुढच्या गणपतीत करार संपतो. तेव्हा तुमच्यापैकी ज्याला ही कलमं स्वतः करायची असतील त्याने आरतीनंतर नाही, आधी येऊन बोलावं. जून संपायच्या आत, म्हणजे खतापासून सुरुवात करता येईल.